जादा गाडी

ग्रिम्सबीत, मासळीच्या गोदीमागे,
बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याला टेकून
एक पत्र्याची शेड आहे.
शनिवारी दहा ते चार. तिकीट तीन पौंड,
मुलांना फुकट, कुत्र्यांना पाण्याचं भांडं.
आत सात बसगाड्या
आणि अर्धी ट्राम.
उरलेली अर्धी कुणाच्या तरी परसात खुराडं होती,
ती कोंबड्यांनीच संपवली.

चार वर्षं येते मी इथे.
त्याआधी सव्वीस वर्षं कवळ्या घडवल्या,
परक्यांचे दात, छोटा दिवा, बारीक कानस.
म्हणून पहिल्याच दिवशी रेमंड स्टॅनिलंडनं
कंडक्टरचा गंजलेला पंच हातावर ठेवला माझ्या:
"यालाही दात आहेत. बघ जमतंय का."

सांगलीहून बहीण फोनवर म्हणते,
घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या!
मी म्हणते, अगं, लष्कर तर कधीच पांगलं.
आम्ही तवा तेवढा तापता ठेवतो.

नोव्हेंबरात आयव्हीनं माळ्यावरून
एक गुंडाळी खाली काढली:
बसच्या कपाळावर फिरणारी थांब्यांची नावं,
अठरा फूट कापड, उंदरांनी दोनदा वाचलेलं.
बूट काढून आम्ही ते जमिनीवर पसरलं.
काळ्यावर पांढरं. कॉर्न एक्स्चेंज. डॉक गेट.
तापाचं हॉस्पिटल, जिथे आता गालिचे विकतात.
आयव्ही मोज्यांनी कडेकडेनं चालत गेली,
प्रत्येक नावापाशी थोडी उतरल्यासारखी.
चौदाव्या वर्षी इथे हेरिंग भरायला जायची, म्हणाली.
टॅनरी लेनवर मात्र
फारच वेळ थांबली.
तिनं सांगितलं नाही. मी बादली बघायला गेले,
छप्पर तिथेच गळतं.

अगदी शेवटी, शिवण उसवली होती तिथे,
एकच शब्द: रिलीफ.
मी वाचलं, सुटका.
वाटलं, काय गाव असेल!
रात्रपाळी संपवून माणसं पेंगत बसलीत
आणि कंडक्टर ओरडतोय, चला, सुटका आली, सुटका.
रेमंडनं बिस्किट चहात बुडवलं, ते तुटलं,
ते चमच्यानं शोधत तो म्हणाला, गाव नाही गं ते.
पहिली गाडी भरून जाते, माणसं मागे राहतात,
त्यांच्यासाठी डेपोतून सोडतात ती.
"म्हणजे जादा!"
मी मराठीतच ओरडले.
काचेआड खडूची पाटी, आणि तिच्यामागे धावणारं
अख्खं मिरज स्टँड
क्षणभर त्या शेडमध्ये शिरलं
आणि डिझेलच्या वासात मिसळून गेलं.

मेणाच्या दोऱ्यानं मी तो शब्द शिवला.
सगळ्यात आधी तोच. का ते विचारू नका.
मीही अशीच सुटले असेन कुठूनशी,
वेळापत्रकात नसलेली,
कुणीतरी राहिलं होतं म्हणून.

एकाहत्तर नंबरचं इंजिन
अकरा वर्षं "पुढच्या ईस्टरला" सुरू होणार आहे.
या ईस्टरआधीच डोळ्यांपायी
रेमंडचं लायसन गेलं.
त्या शनिवारी तो आला नाही.
पुढच्या शनिवारी आला, काही न बोलता
एकाहत्तरच्या केबिनमध्ये चढून बसला,
हातरुमालानं काच पुसत.

दुपारी एक मुलगा आला, नाकाला शेंबूड, हातात चिप्स.
ही कुठे जाते?
रेमंडनं डोक्यावरचा दांडा फिरवायला घेतला.
वर काचेत गाव सरकू लागलं,
डॉक गेट, हॉस्पिटल, टॅनरी लेन,
माझे टाके जरा अडकले, सुटले,
आणि शेवटचा शब्द येऊन उभा राहिला.
ते कुठे आहे?
हिला विचार, रेमंड म्हणाला.

मी म्हटलं, बस आत. ही मागून निघते.

तो बसला. चिप्स मांडीवर.
खिडकीवर पाटी आहे: घंटी वाजवू नये.
त्यानं दोरी ओढली, एकदा.
मग पाटी नीट वाचून
पुन्हा.