फेऱ्यांमधला कागद

सातपूरला आमच्या कारखान्यात टेस्टिंगला लावलेला ट्रान्सफॉर्मर
घूं करतो, शिफ्टभर, एकाच पट्टीत.
बाकीच्या बायका कानात कापूस घालतात.
मी एकदा डबा घेऊन तिथेच बसले
तर त्या घूंच्या आत आणखी एक घूं सापडली,
तिच्या आत अजून एक, बारीक,
लांबच्या खोलीत कुणी तंबोरा लावत असावं तशी.
तेव्हापासून शोधत होते.

काय, ते सांगता यायचं नाही.
सुशीला पगारे म्हणाली, भजनं ऐक, मन शांत होतं.
शांत नव्हतं व्हायचं मला.
असं गाणं हवं होतं की ऐकताना
मागे वळून बघावंसं वाटेल
आणि बघायची छाती होणार नाही.
मोबाइलवर पुष्कळ ऐकलं. सगळे सुरात होते.
सगळे माझ्याकडे तोंड करून गात होते.

गंगेवरच्या बुधवारात, सुकटवाल्यांच्या पलीकडे
नळाच्या तोट्या नि बिनकिल्लीची कुलपं मांडून
एक म्हातारी बसते. गोणपाटावर अकरा कॅसेटी.
दहांवर नावं होती.
अकरावीवर नुसता निळा डाग,
आणि मारुतीच्या गळ्याला पाणी लागलं होतं
त्या वर्षीचा गाळ, अजून चक्रीच्या दातांत.
"ती नको घेऊ, वाजायची नाही."
दहा रुपये.

दूध बाजारात मुनाफभाईंनी फीत बाहेर काढली,
स्पिरिटच्या बोळ्याने वीत-वीत पुसली,
दुसऱ्या डबीत भरली, स्वतःच्या टेपला लावली.
आधी खरखर.
मग एक बाई, फार लांबून, एक सूर म्हणाली.
थांबली.
मग तोच सूर. तोच. जवळून, भरून,
इतका जवळून की मी स्टूल मागे सरकवलं.

पुन्हा तसंच. प्रत्येक ओळीआधी
त्या ओळीची सावली गाऊन जायची.
जणू ती आधी गेली होती
आणि गायला मग आली.

"मारवा," मुनाफभाई म्हणाले.
"सा म्हणजे घर धरा. ही उंबऱ्यापर्यंत येते,
चप्पल काढते,
आणि काय आठवतं कुणास ठाऊक, परत फिरते."
चहावर साय धरली होती.

आणि तो आधीचा आवाज?
"भूतबित नाही ताई. फीत वर्षानुवर्षं गुंडाळून पडली
की एका वेढ्यातलं शेजारच्या वेढ्यात उतरतं.
कुणी वाजवलीच नाही ना हिला."

हे मला कुणी समजावायला नको होतं.
अठरा वर्षं तांब्याची तार गुंडाळते मी.
एक थर, वर कागद, मग दुसरा थर.
कागद चुकला तर ह्याचं त्याच्यात जातं
आणि कॉइल जळते, सुपरवायझर नाव विचारतो.
हिच्यात कागद कुणी घातलाच नव्हता.
जळायच्या जागी हे असं झालं.

"महिन्यातून एकदा पुढेमागे फिरवत जा,
भास कमी होईल," म्हणाले, आणि चाळीस रुपये घेतले.

मावळतीचा राग म्हणे. माझी शिफ्ट सुटून
घरी पोचेस्तोवर साडेबारा होतात,
माझी मावळती तेव्हाच.
स्वयंपाकघराचं दार लोटून, आवाज अगदी लहान करून लावते.
जयवंत झोपेतच विचारतो, कोण आलंय?
येतंय, म्हणते मी.

बाजू संपायच्या जरा आधी, तिच्यासमोर बसलेलं
कुणीतरी खोकतं.
त्याचाही खोकला दोनदा.
मला त्या माणसाचा फार राग येतो. आणि हेवा.

नवरात्रापासून मी ती लावलेली नाही.
फिरवलेलीही नाही.
कपाटात, स्वेटरांखाली आहे.
कंटाळलीस होय, जयवंत म्हणाला.
नाही, म्हटलं, पडू दे.
अजून थोडं उतरू दे.