कारण : इतर

रुवीच्या शाळेत माझी खोली
कॅरमबोर्डांच्या कोठारातून काढलेली.
'समुपदेशन' ही पाटी मी गेल्या महिन्यात उतरवली,
ती वाचून मुलं दारातूनच वळत.
आता तिथे लिहिलंय : पाणी थंड आहे.

दहावीतला नवाझ मुकादम तिसऱ्या तासाला येतो,
बाटली भरतो, अर्धी पितो, बसतो.
फॉर्मवर झोप, अभ्यास, मित्र, घर,
कशावरच खूण नाही.
शेवटच्या चौकटीत फक्त : इतर.

मी विचारत नाही.
एसीची घरघर आमच्यामध्ये बसून राहते
आगंतुकासारखी.

सातव्या दिवशी तो खेडकडच्या बोलीत म्हणाला,
"बाई, आमच्या सोफ्याला अब्बांनी चिठ्ठी लावलीन.
टीव्हीला पण. किंमत घालून.
माणसं येतात, गादी दाबून बघतात.
माझ्या टेबलाचे पंधरा रियाल.
मी त्यावरच अभ्यास करतो अजून.
कोपर लागलं की चिठ्ठी निघते,
मीच परत चिकटवतो."

माझ्यापाशी प्रशिक्षणातली वाक्यं होती, सगळी चांगली.
एकही तोंडात बसेना.
विचारलं, टेबलाला खण आहेत?
"दोन. एक अडकतो."
अडकतो त्यात काय आहे?

घंटा झाली.
तो उठला नाही.
गणिताच्या सरांना मी शिपायाबरोबर कागद पाठवला :
मुकादमला उशीर होईल, कारण इतर.

बाटलीचं झाकण फिरवत, आठवून आठवून
तो म्हणाला,
"वरती एक तुटका कंपास.
त्याच्याखाली..."