लकब

सोहारच्या टायपिंग सेंटरात खलफान विचारतो,
"लकब?"
नजर पडद्यावर, बोटं तयार.

मी गोंधळतो.
आमच्याकडे हे कुणी फॉर्मवर विचारत नाही.
लकब म्हणजे, समजा, भागोजी शिगवण, माझे वडील,
कशाचंही उत्तर द्यायच्या आधी
उजव्या तळहातावर हलकी फुंकर मारायचे,
पीठ लागल्यासारखी.
तलाठ्यासमोर तसंच. सोयरिकीच्या बैठकीत तसंच.
शेवटी डॉक्टरने विचारलं, कुठे दुखतं?
तर आधी फुंकर, मग बोट.

खोड म्हणावी, तर खोड मोडता येते.
सवय लावतात, सोडवतात.
तऱ्हेवाईक म्हणणारा
म्हणता म्हणता दोन पावलं मागे सरकतो.
लकब सांगताना माणूस पुढे झुकतो
आणि नक्कल करून दाखवतो.

भट्टीवर आम्ही चौदा जण,
एका रंगाचे बॉयलर सूट, तोंडावर मास्क,
तरी धुरातून कळतं
हा मुनाफ, चालताना दर वळणावर खिसा चाचपतो,
तो बिजू, हेल्मेट दोनदा ठोकल्याशिवाय जिना चढत नाही.
छातीवरचा नंबर वाचायला जवळ जावं लागतं.

"लकब, भाई, लकब,"
खलफान टेबलावर टिचकी मारतो.
"बापाचं नाव झालं. आता घराण्याचं."

त्यांच्यात हा शब्द घराण्याचा.
किताबाचाही, म्हणे.
म्हणजे इथूनच गेला असणार कधीतरी
गलबतातून, खजुराच्या पोत्यावर बसून,
आणि आमच्या बंदरात उतरल्यावर
मोठेपणा विसरून
कुणाच्या मानेत, कुणाच्या खाकरण्यात
राहायला लागला, भाडं न देता.

मी आडनाव सांगतो.
तो टाइप करतो, वाचून दाखवतो:
"शिज्वान."
त्यांच्या लिपीत ग नाही.
ण तर विमानातच चढला नव्हता.
"बरोबर?"

बरोबर म्हणायच्या आधी
माझा उजवा हात वर येतो,
ओठ गोल होतात.

खलफान थांबतो. पहिल्यांदाच माझ्याकडे बघतो.
"हाताला काय लागलं?"
टिश्यूचा डबा पुढे सरकवतो.

मी एक घेतो.
कोरडा तळहात पुसतो, नीट, कडेपर्यंत.
तीन रियाल. पावतीवर शिज्वान.