भोपळा

सोहारच्या रिफायनरीत मी पंप ऐकतो.
पगारपत्रकावर याला कंडिशन मॉनिटरिंग म्हणतात.
रात्रपाळीला, लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ
कानामागच्या हाडाला टेकवून
टोक बेअरिंगच्या अंगावर ठेवायचं
आणि श्वास धरायचा.
यंत्र आहे, पडद्यावर आलेख येतो,
पण आलेख उशिरा घाबरतो.

इथलीही वीज पन्नास हर्ट्झचीच.
म्हणजे अख्खी रिफायनरी एकाच सुरात घुमते,
बेसच्या सगळ्यात जाड तारेवर
तिसऱ्या पडद्याहून केसभर चढ्या.
हा सूर मला सतराव्या वर्षापासून माहीत आहे.
मिरजेत, शमुवेलच्या घरामागच्या कोळशाच्या खोलीत
आमच्या अँप्लिफायरला अर्थिंग नव्हतं.
गाणं थांबलं तरी तो घुमत राहायचा.
माइकला ओठ लागला की झटका.

बँडचं नाव 'तिसरा फेज',
कारण आमच्या गल्लीत तो कायम गेलेला असायचा.
शमुवेल चर्चमध्ये ढोलक शिकलेला.
ड्रम म्हणजे रंगाचे डबे,
झांजेच्या जागी मिशन हॉस्पिटलच्या भंगारातला
स्टीलचा ट्रे.
माझा बेस मुनीरच्या मामूंनी घडवला,
तुणाच्या लाकडाचा, सतारींच्या रांगेत बसून.
रंधा थांबवून दोनदा विचारलं त्यांनी,
"भोपळा नको म्हणता,
मग आवाज राहणार कुठं?"
आम्ही हसलो.
आम्हाला वाटायचं, आवाज वायरीतून जातो,
मग मोठा होतो,
मग पुण्याला जातो.

त्या वर्षी गणितात भोपळा मिळाला.
तो वडिलांनी घरभर वाजवला.

कार्यक्रम एकच झाला, सांगलीला, कुठल्याशा गॅदरिंगमध्ये.
दुसऱ्या गाण्याला लाइट गेले.
मुनीर गाता गाता गप्प. शमुवेल थांबलाच नाही.
अंधारात तीनशे पोरं, नुसते डबे,
आणि मी, मेलेल्या तारांवर बोटं चालवत
त्याच्याबरोबर गेलो, शेवटपर्यंत.
कुणाला ऐकू आलं नाही.
त्याला आलं.

नंतर आयटीआय, एजंट, मेडिकल, मस्कत, इथं.
चौदा वर्षं.
बायको म्हणते, जेवताना डावा हात
ताटाच्या कडेवर काय शोधत असतो?

परवा पंप बारा.
आलेख हिरवागार. बिजू म्हणाला, चेट्टा, चहा घेऊ.
पण स्क्रूड्रायव्हरमधून येत होतं
कुणीतरी किंचित मागे पडल्यासारखं,
ठोका चुकत नव्हता, ओढला जात होता,
भावाच्या मयतीनंतर महिनाभर
शमुवेल वाजवायचा तसा.
मी म्हणालो, थांबवा.
सालिम बलूशींनी माझ्याकडे पाहिलं,
थांबवण्याची किंमत ओठातल्या ओठात मोजली
आणि थांबवला.
उघडल्यावर आतल्या कड्याला तडा, नखाएवढा.
कसं कळलं, त्यांनी विचारलं.
रिपोर्टात मी लिहिलं: आवाजावरून.
त्या रकान्यात जागा तेवढीच असते.

शुक्रवारी शमुवेलला फोन लावला.
तो आता लग्नांना जनरेटर पुरवतो.
ऐकून म्हणाला, "म्हणजे तुमच्या सुलतानाचं तेल
माझ्या डब्यांनी वाचवलं. हिस्सा पाठव."
मग दोघांनाही बोलायला काही उरलं नाही.
त्याच्यामागे जनरेटर चालू होता.
मी ऐकत राहिलो.
"ऑइल बदल," म्हणालो.
"बदलतो," तो म्हणाला. "उद्या."

एसी बंद केला. उकाडा लगेच आत आला.
मामूंना जाऊन सहा वर्षं झाली,
त्यांचा प्रश्न मात्र कॅम्पच्या या खोलीत
माझ्या आधीपासून राहत असल्यासारखा.
टेबलावर हेल्मेट पडलं होतं,
पिवळं, पालथं, आतून पोकळ.
सहज टिचकी मारली.

बऱ्यापैकी वाजलं.