तिच्या वाटचे साडेचार तास

एकोणीस युरोंना मिळाला. मोठ्या खेळाचा
हा शेपटाएवढा तुकडा.
नायक नाहीच यात. फक्त ती नावाडीण,
तिन्ही भागांत धक्क्यावर उभी असायची ती,
आणि आम्ही बटण दाबून तिचं बोलणं उडवायचो.
आम्ही म्हणजे झुल्मिरा. कंट्रोलर कायम तिच्याच हातात.
मी खाली सतरंजीवर,
उडी कुठून मारायची ते सांगायला.

सेतुबालला नोव्हेंबरात अंधार लवकर येतो.
शेवटची फेरी त्रोयाहून आणली, गाड्या उतरवल्या,
दोर गुंडाळला, ओले हातमोजे हीटरवर टाकले
आणि सार्डिनचा डबा उघडून बसलो.

खरं सांगायचं तर पहिला तास रडतखडत.
चाकूच्या मारामाऱ्या त्याच त्या.
एक गुहा तर दोनदा वापरलीय,
नुसती डाव्याची उजवी करून.
नकाशा तळहाताएवढा: एक बेट, दोन धक्के,
मिठाची कोठारं, एक लंगडा कुत्रा.
कड्यावर चढता येत नाही. मी तीनदा बटण दाबलं,
तिन्ही वेळा तिने मान वर करून कडा पाहिला
आणि वल्ही उचलली.

तिला नाव आहे, हे इथे कळलं. ओर्साला.
आजवर शेवटच्या यादीतसुद्धा
ती नुसती 'नावाडीण' होती.

मग तो किल्ला.
तिसऱ्या भागाचा शेवट, बुरूज ढासळतात, आग,
झुल्मिरा सोफ्यावर उभी राहून किंचाळत होती,
खालच्या दोना एउलालियाने झाडूच्या दांड्याने
छत ठोकलं होतं, तीच रात्र.
पण आता पाण्यावरून.
डोंगरामागे लालसर डाग, नखाएवढा.
आधी पाणी थरथरतं.
मग बऱ्याच वेळाने, जणू दुसऱ्याच कुणाच्या घरात,
काहीतरी पडल्याचा आवाज.

आणि करायचं काय? काही नाही.
दोर धरून ठेवायचा. म्हणजे बटण दाबून ठेवायचं.
सोडलं की नाव प्रवाहाला लागते.
अकरा मिनिटं. भिंतीवर घड्याळ आहे, मी मोजली.
अंगठा भरून आला. कुत्रा नावेत झोपला.
वाटलं, खेळ अडकला.
अडकला नव्हता.

हे काम मला येतं.
बावीस वर्षं दोर धरून उभा आहे,
काचा वर केलेल्या गाड्या शेजारून उतरून जातात.
त्याचा कधी कुणी खेळ करेल
असं मात्र वाटलं नव्हतं.

मग तो येतो, धावत. तोंड दिसत नाही,
करणाऱ्यांनी मुद्दामच पाठमोरा ठेवलाय.
"चल," म्हणतो.
इथे जुना खेळ संपला होता.
इथे नावं वर सरकू लागली होती,
झुल्मिरा पाणी प्यायला उठली होती.

या वेळी कुणी उठत नाही.
तो झोपतो. ती वल्हवते. डावं, उजवं, डावं.
उजाडताना तो उतरतो, आभारबिभार काही नाही.
ती बादली घेते.
फळ्यांवरचं रक्त आपणच धुवायचं असतं,
खेळ ते स्वतःहून धूत नाही.
एक डाग तर कितीही घासा, जात नाही.
तरी पुढे जाऊ देतात.

पावणेतीन वाजले होते. लक्झेंबर्गला पावणेचार.
झुल्मिराला लिहिलं: संपवला. छोटा आहे.
मारामारी यथातथाच. कुत्रा चांगला.
अकरा मिनिटांचं लिहिलं आणि पुसलं.

बेकरीत तिची पहाटपाळी असते, लगेच उत्तर आलं,
अंगठ्यावर पीठ असणार, अक्षरं चुकलेली:
मग शेवटी नायक जगतो का रे?

माहीत नाही, मी लिहिलं.
आम्ही त्याला धक्क्यावर सोडला
आणि परत फिरलो.