शेळ्या आटल्यावर

हिऊमा बेटावर, बंदरापासून तिसरं वळण,
पेट्रोलपंप, आणि मग आमचं दुकान.
मी गल्ल्यावर असते, दुपारी दोन ते बंद होईपर्यंत;
डिसेंबरात त्यातला एखादा तासच उजेडाचा.

फ्रिजमध्ये, अगदी डोळ्यांच्या उंचीवर,
हातभर जागा रिकामी आहे.
मागचा पांढरा पत्रा दिसतो, त्यावरचा ओरखडाही,
आणि उर्वेच्या तिरप्या अक्षरातली चिठ्ठी:
काउपोचं चीज. शेळ्या आटल्यात. मार्चअखेर.

तालिनहून कंपनीचा माणूस येतो बोटीने.
त्याच्याजवळ फळ्यांचा नकाशा असतो,
कुठल्या डब्याने कुठे उभं राहायचं याचा.
त्या हातभर जागेला महिन्याचं भाडं देऊ म्हणाला,
वर दिव्यांची पाटी फुकट.
उर्वे म्हणाली, जागा भरलेली आहे.
त्याने फ्रिजात पाहिलं. मग तिच्याकडे. मग माझ्याकडे.
मी पावत्यांचा कागद बदलत राहिले.

काउपो पहिल्यांदा आला तो बुटांचं खोकं घेऊन.
आत आठ गोळे, एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही.
त्याने भाव सांगितला
आणि कुणी घासाघीस करायच्या आत स्वतःच उतरवला.
उर्वेने पिशवीचा कागद फाडला, पेन्सिल घेतली.
चारा किती? मीठ? वीज?
बायको पहाटे साडेतीनला उठते, तिचे किती धरलेस?
ते त्याने धरलेच नव्हते.
भाव चढवून तिने पैसे मोजले, तिथल्या तिथे, गल्ल्यातून.
मोठ्या कंपन्यांना आम्ही साठ दिवसांनी देतो.
शेळीला कोण सांगणार, साठ दिवस थांब म्हणून?

सगळंच काही गोड नाही.
माइमूच्या पावाला जुलैत बुरशी आली, एकोणीस पाव.
अर्धा भुर्दंड उर्वेने सोसला, अर्धा माइमूने,
आणि महिनाभर दोघींची तोंडं दोन दिशांना.
शेवटी मीच बोलले: म्हाताऱ्यांना अख्खा पाव संपत नाही गं,
पिशव्या मी भरते, मला दिसतं.
तेव्हापासून तो मंगळवारी-शुक्रवारीच येतो,
आणि अर्धाही मिळतो.

पण खरं सांगायचं तर
ते भाडं माझ्या डोक्यातून जाईना.
फ्रिजची मोटर घरघरते, तेवढ्यात ती बदलून झाली असती.
माझा पगारही गेल्या वर्षीचाच आहे.
एका शुक्रवारी उर्वे दाताच्या डॉक्टरकडे गेली
आणि मी चिठ्ठी काढून खिशात घातली.
फॅक्टरीतल्या दह्याचे चोवीस डबे, दोन रांगा,
कसे नीट बसले. जणू जागा त्यांचीच.

शनिवारी दार उघडताच एंडेल आला.
तो रोज येतो, मासे पकडणं सुटलंय, येणं सुटत नाही.
रोज त्या रिकामीपाशी उभा राहून विचारतो,
व्याल्या का?
त्या दिवशी दह्यापुढे तो कितीतरी वेळ उभा राहिला.
मग टोपी काढली.
हळूच म्हणाला, काउपो गेला का?

नाही हो, नाही, म्हणत मी धावले.
मागे शाळेतली बाई, तिच्या तोंडावरही तोच प्रश्न.
चिठ्ठी खिशात चुरगळली होती;
मांडीवर घासून सरळ केली.
दही काढलं, चार-चार डबे, खालच्या फळीवर.
काही सांडलं नव्हतं,
तरी ओल्या फडक्याने जागा पुसली,
कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

एंडेलने टोपी घातली.
बिनसामानाचाच निघाला, दारात वळला:
व्याल्या की फोन कर. रात्र असली तरी.