रंगीत तालीम

मे महिन्यात, पात्रात टरबुजाचे वेल पसरलेले असताना,
तहसीलचे साहेब पूर घेऊन आले.
शाळेच्या पटांगणात ठेवला त्यांनी तो:
चुन्याची एक लांब रेघ.
"इथपर्यंत पाणी," म्हणाले.

झाडीपट्टीत शेंबड्या पोरालाही नाटक कळतं,
त्यामुळे बुडणारा कोण, यावर वाद झाला.
शेवटी बकाराम मारबते बुडाला.
जन्माचा ढिवर, वैनगंगेला कधी बधला नाही,
चुन्यात मात्र झकास बुडाला,
हात वर, जीभ बाहेर.
भोंगा वाजला नाही, सेल उतरले होते.
कोतवालानं तोंडानं वाजवला.
फोटो झाले, चहा झाला,
शिडी गाडीत बसून परत गेली.
पूर ओसरला सव्वाचारला.

रेघेवरून शेळ्या गेल्या.
सायत्राबाई नान्हे तेवढी उठली नाही.
"शाळेची किल्ली कोठी रायते?"
गुरुजीपाशी.
"अन् गुरुजी?"
ब्रम्हपुरीले.
मधे नाला. नाल्यावर पूल.
त्या पुलावरून आधी पाणी जातं, मग माणूस.
तेव्हा मात्र कोणी हसलं नाही.

मी अंगणवाडीची मदतनीस.
माझ्याकडे पोरांच्या वजनाची वही होती,
ती उलटी केली, मागच्या पानापासून सुरू केलं:
कोणाला उचलावं लागेल.
लिहिता लिहिता कळलं,
इतकी वर्षं मी फक्त चालत्या माणसांनाच
गाव म्हणत होते.

मंसारामच्या पोराला ऐकू येत नाही.
भोंगा वाजून काय उपयोग?
त्याच्यापुढे लिहिलं: शेजारच्या सुलोचनाचा हात.
रेखाचे दिवस भरतात ऑगस्टात.
देवाजी म्हणाला, म्हशीशिवाय हलणार नाही.
बरं. म्हैस, एक. झोपताना दावं सैल.

भागाबाई दिघोरेचे दोन्ही गुडघे गेलेले,
आणि त्या आळीत गाडी एकच, केवळरामची.
धुऱ्यावरून बारा वर्षं
दिघोऱ्यांच्या विहिरीचं पाणी तो प्यालेला नाही.
मी काही समजावलं नाही.
लिहिलं, आणि त्याला वाचून दाखवलं.
तो तंबाखू मळत राहिला, मळतच राहिला,
चुना सगळा हातातच संपला.
मग म्हणाला,
"समोर बसवजो तिले. मांगं धक्के लागते."

वडशाच्या बाजारातून दुसरी किल्ली आली, तीस रुपये.
सायत्राबाईनं ती चुलीमागच्या खुंटीला अडकवली,
मिठाच्या मडक्याशेजारी,
अंधारातही हात जाईल अशी.
कागदं गेली खताच्या पोत्यातल्या पन्नीत,
बियाणं माचावर.
बकारामनं पोरांना गाठ शिकवली,
ओली झाली की आणखी घट्ट बसणारी.
आठ दिवस गावातली एकही शेळी
धड सुटेना.

यंदा नदी नदीतच राहिली.

पण पोळ्याच्या आदल्या रात्री, दोन वाजता,
भोंगा वाजला.
उंदरानं वायर कुरतडली असेल, किंवा काय,
ते आजवर कळलेलं नाही.
मी वही छातीशी धरून पळाले
तर शाळेचं दार उघडं,
सायत्राबाई कंदील घेऊन उंबऱ्यात.
सुलोचना आली, मंसारामचं पोर डोळे चोळत तिच्या मागं.
रेखा आली, बाळ सुपात, सूप डोक्यावर.
दिघोऱ्यांच्या वाटेनं घुंगरं वाजली:
पोळ्यासाठी रंगवलेली शिंगं,
आणि समोर, केवळरामच्या पाठीला पाठ लावून,
भागाबाई.
दोघंही बोलत नव्हते.
पण पाठी टेकलेल्या होत्या.

बकाराम काठावर जाऊन आला.
"पाणी आपल्या जाग्यावर आहे," म्हणाला,
जरासा ओशाळून,
जणू नदीनंच त्याला तोंडघशी पाडलं.

कोणी कोतवालाला शिव्या दिल्या नाहीत.
मी मोजलं. सगळे. वहीत लिहिलं:
एकोणीस मिनिटं. भोंगा खोटा.
मग "खोटा" वर रेघ मारली,
का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

भागाबाई गाडीतून उतरेना.
"आता आलोच आहो," म्हणाली,
"त चहा तरी मांडा."
साखर शाळेच्या डब्यात होती.
दूध देवाजीसोबत
चालत आलेलं होतं.